लेकाची शुगर पहाटे पावणेतीनला ५१, सकाळी ७ ला ३०४. रात्रीचं इन्सुलिन वाढवू की कमी करू?

सुईदोरा | रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार. मी बार्शीची. लेक १२ वर्षांचा आहे, सातवीत, वजन ३४ किलो. टाइप १ डायबेटिस निघून या दिवाळीला तीन वर्षं होतील. मी घरी शिलाईकाम करते. यांची एसटीत ड्युटी, आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाडी, त्यामुळे रात्रीचं सगळं माझ्यावर असतं. सोबत सासूबाई आहेत.

पहिली दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिक्स इन्सुलिन होतं. मागच्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी चार इंजेक्शनांवर आणलं. तिन्ही जेवणांना बाटलीतलं रेग्युलर (जेवणापुरतं इन्सुलिन) ५-५-५ युनिट आणि रात्री ९ ला पेननं ग्लार्जिन (दिवस-रात्र हळूहळू चालणारं इन्सुलिन) १२. दुपारचं तो शाळेत स्वतः घेतो, बाई समोर उभ्या राहतात. सहा-सात महिने बरे गेले. गेल्या महिन्यापासून मात्र काही ताळमेळ लागत नाही. तोच डोस, तीच भाकरी, आणि सकाळी कधी ७८ तर कधी ३०० च्या वर.

या आठवड्याची वही समोर आहे, तशीच लिहिते.

सोम: रात्री १० ला २४८. काही दिलं नाही. सकाळी १६५.
मंगळ: रात्री १० ला २६२. २ युनिट रेग्युलर जास्तीचं दिलं. पहाटे पावणेतीनला ५१. सकाळी ३०४.
बुध: रात्री १९०. सकाळी २१०. ग्लार्जिन १३ केलं.
गुरु: रात्री २५५. पुन्हा २ युनिट. पहाटे ३ ला ५८. सकाळी २८६.
शुक्र: रात्री १७२. सकाळी ७८. ग्लार्जिन १४ केलं.
शनि: रात्री १२८. जास्तीचं काही दिलं नाही. पहाटे अडीचला ६३. सकाळी २४०.

मंगळवारची रात्र डोळ्यांपुढून जात नाही. सासूबाईंनी हाक मारली, "पोरगं घामानं भिजलंय बघ." बनियन पिळून निघेल इतका ओला. हाक मारली तर भलतंच बोलत होता, मला ताई म्हणत होता, आणि त्याला ताई नाही. मी साखरेचं पाणी पाजलं. लगेच शुद्धीवर आल्यासारखा वाटेना म्हणून कपभर दूध, चार बिस्किटं, केळं, आणि सासूबाईंनी बेसनाचा लाडू भरवला. अर्ध्या तासानं झोपला. मी बसूनच होते. सकाळी ३०४ बघितले आणि वाटलं, रात्रीचं इन्सुलिन पुरत नाही. म्हणून वाढवलं. डॉक्टरांना न विचारता वाढवलं. पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे आणि एवढ्यासाठी फोन कसा करायचा असं वाटलं.

आता सांगा, सकाळचे आकडे बघून ग्लार्जिन १५ करू का पहाटेचे बघून कमी करू? आमच्या ओळखीत एक जण म्हणाले, काही पोरांची शुगर अशीच उड्या मारणारी असते, तिला इलाज नाही. हे खरं आहे का?

सिस्टर_विदर्भ | रविवार, दुपारी १२:४५

ताई, १५ करू नका. आजच डॉक्टरांना फोन लावा, रविवार असला तरी. आठवड्यात तीनदा पहाटे साखर पडणं आणि त्यातल्या एकदा पोर भलतंच बोलणं, हे फोन करण्याचंच कारण आहे. हीच वही वाचून दाखवा, एकही ओळ गाळू नका, स्वतः वाढवलेलं पण सांगा. मी नागपुरात मुलांच्या डायबेटिस ओपीडीत १४ वर्षं आहे. आमच्याकडे असा फोन आला तर आम्हाला बरंच वाटतं.

तोवर चार गोष्टी बघून इथे लिहा.

पहिली, रेग्युलरच्या बाटलीवर किती लिहिलंय, ४० की १००? आणि सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे? आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची असते १०० ला. दुकानदारानं लाल संपली म्हणून नारिंगी दिली तर तुम्ही १० च्या रेघेपर्यंत भराल आणि पोटात जातील फक्त ४ युनिट. उलटं झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर १० च्या जागी २५. वॉर्डात आलेली निम्मी कोडी इथेच सुटतात, म्हणून आधी हे.

दुसरी, सुई कुठे टोचता? जागा नुसती बघू नका, हात साबणाने ओले करून बोटं सावकाश फिरवा. एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लागते.

तिसरी, रेग्युलर दिल्यावर किती वेळानं तो पहिला घास खातो?

चौथी, उघडलेली बाटली किती दिवस वापरता? १० मिलीच्या ४० च्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोजचे १५ धरले तर २६ दिवसांत संपायला हवी. ती ४० दिवस पुरत असेल तर कुठेतरी कमी जातंय.

आणि साखर पडली की काय द्यायचं ते आजच फ्रिजवर चिकटवा. ७० च्या खाली: त्याच्या वजनाला १० ते १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे पावडर पाण्यात. मग घड्याळ लावून १५ मिनिटं थांबायचं. पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तरच पुन्हा तेवढंच. वर आली की अर्धा कप दूध किंवा चतकोर भाकरी. ती १५ मिनिटं आईला सगळ्यात जड जातात, मला माहीत आहे. पण लाडू त्या वेळी कामाचा नाही, त्यातलं तूप साखर रक्तात पोचायला उशीर लावतं. मुलगा हाकेला ओ देत नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर करायचं आणि सरळ दवाखाना. साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरी ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

दुसऱ्यांदा तपासताना बोट धुवायचं. केळं सोललेल्या बोटाची साखर मशीन भलतीच वर दाखवतं.

खडूफळा | रविवार, दुपारी ३:३०

सुईदोरा ताई, मी चिपळूणचा निवृत्त शिक्षक. मला १९७८ साली, सहावीत असताना टाइप १ झाला. तेव्हा घरी रक्त तपासायचं मशीन नव्हतं. आई परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायची, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायची आणि स्टोव्हवर उकळायची. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की आईचा चेहरा उतरायचा. तो रंग चार तासांपूर्वीची गोष्ट सांगायचा आणि आम्ही त्यावर आत्ताचा डोस ठरवायचो. काचेची सिरिंज रोज उकळायची. हे सांगतोय ते एवढ्याचसाठी की तुमच्या हातात पहाटे अडीचचा आकडा आहे. माझ्या आईकडे तो कधीच नव्हता. तुम्ही उठून तो घेतलात, त्यात निम्मं काम झालंय.

आता तुमची वही. मी फळ्यावर मांडावं तशी मांडली.

रेग्युलर टोचल्यावर अर्ध्या तासानं कामाला लागतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर असतो, आणि सहा ते आठ तास ते रेंगाळतं. तुम्ही जेवताना, समजा ८ ला, ५ युनिट देता. १० ला तपासता तेव्हा २६२ दिसतात. पण त्या वेळी त्या ५ युनिटांचं बरंच काम अजून व्हायचं आहे. त्यावर तुम्ही आणखी २ घालता. आता दोन रेग्युलर एकमेकांवर चढले. दोघांचं मिळून काम मध्यरात्रीनंतर उतरतं, त्याच वेळी खालून ग्लार्जिन चालूच आहे. म्हणून पावणेतीनला ५१. मग घाबरून खाऊ घातलं, आणि ते खाणं झाकायला आता कुठलंच जेवणाचं इन्सुलिन शिल्लक नाही. म्हणून ७ ला ३०४. साखर पडल्यावर शरीर स्वतःही यकृतातून थोडी सोडतं, पण ३०४ मधला मोठा वाटा दूध-बिस्किट-केळं-लाडवाचा असणार. आणि त्या ३०४ चा दोष तुम्ही ग्लार्जिनला दिलात.

सोमवार बघा. रात्री २४८, तुम्ही काही दिलं नाही, आणि सकाळी १६५. म्हणजे रात्रभरात साखर आपली आपण ८३ नं उतरली. त्या दिवशी ग्लार्जिन १२ च होतं. ज्याचं पुरत नाही त्याचं असं उतरत नाही.

मी एक पद्धत पाळत आलो. प्रत्येक आकडा कुठल्या इन्सुलिनचा ते आधी ओळखायचं. जेवणानंतरचा आकडा हा जेवणाआधीच्या सुईचा. रात्रभर काही न खाता, जास्तीचं काही न देता साखर जागच्या जागी राहिली की नाही, हा ग्लार्जिनचा. सकाळचा एकटा आकडा कुणाचाच नसतो. झोपताना किती होती, ३ ला किती होती, हे बाजूला लिहिल्याशिवाय त्यावरून काही ठरवता येत नाही. आणि बदल एका वेळी एकच, मग तीन दिवस थांबायचं. ग्लार्जिन बदललं की त्याचा पूर्ण परिणाम दिसायलाच दोन-तीन दिवस जातात. तुम्ही बुधवारी १३ आणि शुक्रवारी १४ केलंत, १३ नं काय केलं ते कळायच्या आत.

सिस्टरांनी तिसरा प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर मला हवंय. १० चा आकडा रोज २५० च्या घरात का, तिथे सगळं अडलंय असं वाटतं.

"अशीच उड्या मारणारी शुगर" हे मी ४० वर्षांपूर्वीही ऐकलंय. माझ्या बाबतीत ते बोलणाऱ्यांनी माझी वही कधी पाहिली नव्हती.

निसर्गस्नेही | रविवार, सायं. ५:०५

ताई, एवढ्या लहान वयात चार-चार सुया म्हणजे अत्याचार आहे. कारल्याचा रस आणि मेथीदाणे सकाळी अनशापोटी, सोबत जांभळाच्या बियांची पूड. हळूहळू इन्सुलिन कमी करत बंद करा. आमच्या काकांचं बंद झालं.

सिस्टर_विदर्भ | रविवार, सायं. ५:२०

कृपा करून हे इथे लिहू नका. तुमच्या काकांना टाइप २ असेल, त्यांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन तयार होतं. या मुलाच्या शरीरात ते जवळजवळ नाहीच. कारलं भाजी म्हणून खुशाल खावं, मेथीही. पण इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि भराभर चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. अशी मुलं मी आयसीयूत पाहिली आहेत, काढ्यावर ठेवलेली. सगळी परत घरी गेली नाहीत.

सुईदोरा ताई, ताप असो, उलटी असो, पोरानं जेवायला नकार देवो, ग्लार्जिन कधीही बंद करायचं नाही. किती द्यायचं ते अशा दिवशी डॉक्टर सांगतील, पण शून्य कधीच नाही.

धावपट्टी | रविवार, रात्री ८:४०

काकू, मी कोल्हापूरची, २१ वर्षांची, टाइप १ ला अकरा वर्षं झाली. ८०० मीटर धावते. एकच विचारते. मंगळ, गुरु, शनि या दिवशी संध्याकाळी तो काय करतो?

तिन्ही वेळा पहाटे पडली ती याच वारांना. शनिवारी तर तुम्ही जास्तीचं काहीच दिलं नव्हतं, झोपताना १२८ म्हणजे छानच, तरी ६३. खेळत असेल ना?

खेळताना साखर पडते हे सगळे सांगतात. खेळून झाल्यावर सहा-आठ तासांनी, कधी बारा तासांनीही पडते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्नायू आपला रिकामा झालेला साठा रात्रभर भरत राहतात, त्यासाठी साखर रक्तातून ओढतात आणि इन्सुलिनही त्या दिवशी जास्त लागू पडतं. मी दहावीत असताना मैदानावर १६० होते म्हणून खुशीत झोपले आणि पहाटे आईनं मला पलंगाखालून उचललं. तेव्हापासून माझ्या वहीत सरावाच्या दिवसांचं पान वेगळं असतं. त्या रात्री माझं ग्लार्जिन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाचवा हिस्सा कमी असतं, आणि झोपताना १५० च्या खाली असेल तर दूध-पोहे खाल्ल्याशिवाय मी झोपत नाही. माझे आकडे त्याला लावू नका, फक्त डॉक्टरांना विचारा की खेळाच्या दिवशी वेगळा डोस हवा का.

अजून एक. मांडीत सुई टोचून लगेच धावलं की त्या मांडीतलं इन्सुलिन भरकन रक्तात जातं. सरावाआधी मी मांडीत घेत नाही.

आणि जमलं तर दंडावरचा सेन्सर एकदा लावून घ्या, १४ दिवस चालतो. महाग आहे, नेहमी परवडत नाही, आम्ही वर्षातून दोनदाच लावतो. पण रात्रभराची रेघ डोळ्यांनी दिसते. फक्त त्या दंडावर झोपलं की तो खोटीच कमी साखर दाखवतो, त्यामुळे आधी बोटावर तपासून मगच साखर द्यायची.

सुईदोरा | सोमवार, दुपारी २:१५

तुम्ही सगळ्यांनी रविवारचा दिवस मला दिलात. एकेक करून सांगते.

बाटली ४० ची, टोपण लाल. हे बरोबर निघालं. बाटलीही २६-२७ दिवसांतच संपते, मी वर तारीख लिहिते.

गाठ. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं साबणाचा हात फिरवला. उजव्या मांडीवर, बाहेरच्या बाजूला, लिंबाएवढी जागा हाताला लागली. कापूस ठासून भरलेल्या उशीचा कोपरा जसा लागतो तशी. डावीकडेही आहे, लहान. दिसायला काही नाही. मी इतकी वर्षं कापडाचा पोत बोटांनी ओळखते आणि माझ्या लेकाच्या मांडीवर कधी हात फिरवून पाहिला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, तिथं टोचलं की दुखत नाही." तो तिथेच घेत होता, सकाळी, दुपारी, रात्री. मला वाटायचं जागा बदलतोय. एक सुई चार-चार दिवस वापरायचो, तेही सांगते.

जेवण. खडूफळा काका, तुम्ही म्हणालात तिथेच अडलं होतं. रात्री माझी मशीन चालू असते. ताट वाढलं की हाक मारते, तो सुई घेतो आणि लगेच बसतो. सोलापूरला अर्धा तास आधी म्हणून सांगितलं होतं, सुरुवातीला पाळतही होतो. कधी सुटलं ते मलाच कळलं नाही. भाकरी पोटात आणि इन्सुलिन अजून वाटेत, म्हणून १० ला २५०.

आणि धावपट्टी, तू विचारलंस ते वाचून मी वही घेऊन देवापुढे जाऊन बसले. श्रावण सुरू होण्याआधीपासून शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. सराव मंगळ, गुरु, शनि, साडेपाच ते सात. हे सगळं सुरू झालं तेव्हाच तेही सुरू झालं. मी वहीत भाकरी लिहिली, भात लिहिला, खो-खो कधी लिहिलंच नाही.

डॉक्टरांशी बोलले. रागावले नाहीत. वही वाचून दाखवली, गाठीचं सांगितलं, वाढवलेलंही सांगितलं. त्यांनी ग्लार्जिन १४ वरून ११ केलं. गाठीत टोचलेलं अर्धंमुर्धंच आणि कधीही लागू पडायचं, आता चांगल्या जागी तेवढंच दिलं तर जास्त लागेल, म्हणून. सरावाच्या दिवशी ९. रात्रीचं रेग्युलर ५ चं ४, आणि ते जेवणाच्या अर्धा तास आधी. दोन तासांनी जास्त दिसली तरी वरून काही द्यायचं नाही, चार तास व्हायच्या आत तर नाहीच, आणि झोपताना काही द्यायचं असेल तर त्यांना विचारून. गाठींवर निदान तीन महिने सुई नाही. पाच रात्री ३ ला तपासायचं आणि रोज सकाळी आकडे मोबाइलवर पाठवायचे.

डोस कमी करताना हात थरथरला. ३०४ बघितलेल्या माणसाला कमी करायला सांगितलं की पोटात गोळाच येतो.

सिस्टर_विदर्भ | सोमवार, दुपारी ३:००

ताई, गाठ तुमच्या नजरेतून सुटली कारण ती नजरेला दिसतच नाही. दर भेटीला आम्ही हात फिरवून बघायला हवं, ते आमचं काम.

आता पोटाचे बेंबीभोवती चार भाग करा, बेंबीपासून दोन बोटं सोडून. आठवड्याला एक भाग. त्या भागात रोजची टोच आदल्यापासून एक बोट अंतरावर. सुई लहान, ४ मिलिमीटरची मिळते पेनला. सिरिंजच्या सुईला चिमूट धरायची. नव्या जागी थोडं दुखेल, गाठीत नसा बधिर होतात म्हणून तिथे दुखत नव्हतं. हे त्याला समजावून सांगा, नाहीतर तो गुपचूप परत तिथेच जाईल. लहान मुलं जातातच.

पहिले काही दिवस आकडे वर-खाली होतील. रोज फोन चालू ठेवा.

खडूफळा | सोमवार, सायं. ६:१०

एक पुढचं सांगून ठेवतो. मुलगा बारा वर्षांचा, आता वाढीला लागेल. वाढीचं हार्मोन पहाटे जोर करतं आणि तेव्हा साखर खरोखरच पहाटेपासून चढते, ३ ला बरी आणि ७ ला जास्त, मध्ये काही न खाता. तेव्हा डोस वाढवावेच लागतील, चांगले वाढतील. आज कमी केलेत म्हणून तेव्हा घाबरू नका. ३ चा आकडा तेव्हाही हाच न्याय करेल: ३ ला खाली म्हणजे एक गोष्ट, ३ ला ठीक आणि मग चढली म्हणजे दुसरी.

सुईदोरा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

सांगायला आले.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. डोस कमी केला म्हणून सकाळी २२०, २३५. रोज वाटायचं वाढवावं. डॉक्टर रोज एकच लिहायचे, "थांबा". पाचव्या दिवशी १८८. मग त्यांनी रात्रीचं रेग्युलर परत ५ केलं, ग्लार्जिन ११ च ठेवलं. या आठवड्याची वही:

सोम: रात्री १० ला १७४, ३ ला १५१, सकाळी १४६.
मंगळ, सराव: रात्री १६२, झोपताना अर्धा कप दूध आणि चतकोर भाकरी, ३ ला १२०, सकाळी १३३.
बुध: १८०, सकाळी १५५.
गुरु, सराव: रात्री १३८, दूध-भाकरी, ३ ला ८८, सकाळी ११९.
शुक्र: सासूबाईंचा एकादशीचा उपवास. खिचडी पुढे आल्यावर त्याला नाही म्हणवलं नाही. रात्री २८१, सकाळी १९०. वरून काही दिलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ साखरच, हे आता त्यालाही पाठ आहे. पुढच्या एकादशीला वाटीभरच आणि दाण्याचं कूट जास्त, असं त्याचं आणि आजीचं ठरलंय.
शनि, सराव: रात्री १५५, ३ ला १०२, सकाळी १२८.

आठ रात्री मी गजर लावून उठले, आता फक्त सरावाच्या रात्री उठते. सासूबाईंनी लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि त्यांच्या उशाशी ग्लुकोजची पुडी आणि तांब्या असतो. त्या वाचू शकत नाहीत, म्हणून फ्रिजवर मी तीन चमचे आणि घड्याळाचा काटा असं चित्र काढलंय.

संध्याकाळी साडेसातला घरात गजर होतो. मशीन थांबते, तो सुई घेतो, आणि आम्ही दोघं आठपर्यंत त्याचा अभ्यास घेऊन बसतो. या अर्ध्या तासात त्यानं तेराचा आणि सतराचा पाढा पाठ केला.

मी माझ्या माप घ्यायच्या पट्टीनं त्याच्या पोटाचं माप काढून कागदावर बेतलं, जसं परकराचं बेतते तसं, चार भाग, आणि प्रत्येक टोचेला तो स्केचपेननं ठिपका देतो. भाग संपला की नवा कागद. मांडीची गाठ अजून आहे, पण थोडी मऊ लागते.

एक विचारायचं राहिलं. धावपट्टी, हे तुलाच. पुढच्या शनिवारी तालुक्याचे सामने आहेत, सकाळी ९ पासून, जिंकत गेले तर दिवसभर. यांनी त्या दिवशी रजा टाकली आहे. खेळाच्या सरांना भेटून आले, त्यांनी स्वतःहून ग्लुकोजच्या गोळ्यांची पट्टी शिट्टीसोबत खिशात ठेवली. डॉक्टर म्हणाले सकाळचं रेग्युलर निम्मं द्या आणि सामन्याआधी तपासा. पण दोन सामन्यांच्या मध्ये त्याला खायला काय देऊ? तू काय खातेस?

धावपट्टी | रविवार, रात्री १०:०५

काकू, १०२ बघून मला इतकं बरं वाटलं!

मी शर्यतीच्या दिवशी छोटी केळी आणि खजूर नेते. एक लहान केळं साधारण १५ ग्रॅम कार्ब धरते. तपासल्यावर १५० च्या खाली असेल तर एक केळं, १०० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज, मग केळं, आणि वर आल्याशिवाय मैदानात नाही. २५० च्या वर असेल तर पाणी, आणि कीटोनची पट्टी बघून मगच खेळ. हे माझे आकडे माझ्या डॉक्टरांनी ठरवलेले आहेत, त्याचे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सरांच्या खिशात तोही कागद ठेवा. सामन्याच्या धांदलीत साखर उलट वरही जाते, जिंकायच्या ताणानं. तेव्हा मैदानावर काही टोचू नका, ती संध्याकाळपर्यंत आपली उतरते.

दिवसभर खेळला तर त्या रात्री ३ ला नक्की उठा. आणि रविवारी रात्रीसुद्धा एकदा.

तो पळतीला आहे की पाठलागाला?

सुईदोरा | रविवार, रात्री १०:२०

पाठलागाला. खांबावर सूर मारतो, कोपरं सोललेली असतात. दोन्ही रात्रींचे गजर आत्ताच लावले.